हमीद चाचांची शिकवणी

लाईन गेली की हमीद चाचांच्या वर्कशॉपमधले सगळे आवाज एकदम बंद पडायचे. ग्राइंडरची किरकिर, वेल्डिंगची चरचर, पलीकडच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा, सगळंच. आर्णीत त्या काळी दुपारची लाईन जाणं ठरलेलंच होतं आणि लाईन नसली की वेल्डरला काही काम नसतं. चाचा डोळ्यांवरची काळी काच कपाळावर चढवायचे, थोडा वेळ खोकायचे आणि म्हणायचे, "चला, हात धुवा. शाळा भरली." ट्रॅक्टरच्या अर्धवट ट्रॉलीशेजारी एक बाज टाकलेली होती. तिच्यावर चाचा बसायचे आणि खाली तरटावर आम्ही दोघं, मी आणि त्यांचा मुलगा रफीक. आयटीआयचा वेल्डरचा कोर्स मी यवतमाळला केला होता, पण काम शिकलो ते चाचांच्या हाताखाली. चाचा स्वतः अकरा वर्षं एका अरबी देशात वेल्डिंग करून परत आले होते. येताना एक मोठं घड्याळ आणि हा खोकला घेऊन आले, असं ते स्वतःच म्हणायचे. आता त्याच देशात आम्हा दोघांचा नंबर लागला होता. मुंबईच्या एजंटाकडे आमची परीक्षा झाली होती, पासपोर्ट आले होते, व्हिसाची वाट पाहणं चालू होतं. मी त्या देशाचं नाव इथं लिहीत नाही. पुढं जे घडलं त्यात चूक त्या देशाची नव्हती.

चाचांची शिकवणी अशी काही नुसती तोंडी नव्हती. ते सगळं करून दाखवायचे आणि करून घ्यायचे. कुणाकडे बसलं की पायाचा तळवा समोरच्याकडे करायचा नाही. देणं-घेणं उजव्या हातानं. माणसाला घरच्यांची खुशाली विचारायची, पण बायकोचं नाव काढायचं नाही. कुणाच्या वस्तूची फार तारीफ करायची नाही, नाहीतर तो ती काढून तुमच्या हातात देईल आणि दोघांचीही पंचाईत होईल. कॉफीची वाटी पुरे झाली की हलवून परत द्यायची, नुसती खाली ठेवली तर पुन्हा भरतात. अजान झाली की दुकानं बंद होतात, तेव्हा दार वाजवायचं नाही. रमजानमध्ये दिवसा रस्त्यावर पाण्याचा घोटसुद्धा नाही, मग तुमचा धर्म कोणताही असो. पासपोर्ट मालक ठेवून घेईल, म्हणून त्याची झेरॉक्स पँटच्या पट्टीत शिवून ठेवायची. आणि कुणी साहेबानं काही विचारलं तर, "एक सवाल, एक जवाब. इच्यारलं तेवढंच सांगाचं. हरीकथा लावाची नाही."

रफीक डावखुरा होता. मुसलमानाचा पोरगा असून जेवायला त्याचा डावाच हात पुढं यायचा. चाचा चिडून त्याचा डावा हात गमछ्यानं पाठीशी बांधून ठेवायचे. "अबे, मुसलमान तू आहे का हा वसंता आहे?" असं ते विचारायचे. रफीक म्हणायचा, "अब्बा, यालेच कलमा शिकवा न मले सोडा." मग चाचा हसायचे, हसता हसता खोकायचे, आणि आतून चाची ओरडायची, "पोराले लुळा करता का वेल्डिंग शिकवता?"

आमच्या घरी चाचांकडचा चहा चालायचा, जेवण चालायचं नाही. पण चाचांनी सांगितलं, की तिकडं पाच-सहा माणसं एका थाळीत जेवतात, तिथं जर मी मागं सरकलो तर कामगारांच्या कॅम्पात मला कुणी जवळ करणार नाही. मी हे भीत भीत मायला सांगितलं. माय माझी साधी बाई, आयुष्यात आर्णी आणि तिचं माहेर सोडून कुठं गेली नव्हती. तिनं सुपातली तूर पाखडता पाखडता थोडा विचार केला आणि म्हणाली, "तिकडं जाऊन खाशीनच. मंग इथंच खाऊन पाय, पोट धरते का नाही." दुसऱ्या दिवशी चाचीनं दालचा-खाना केला. मोठ्या पितळी थाळीत भाताचा ढीग, त्यावर दुधीभोपळ्याचा आणि मटणाचा दालचा. मी घेतलेला तो पहिला घास मला अजून आठवतो. आपल्या समोरचं खायचं, मधे हात घालायचा नाही, आणि यजमानानं चांगला तुकडा आपल्याकडे सरकवला तर नको म्हणायचं नाही. चाचांनी नळीचा तुकडा बोटानं माझ्याकडे ढकलला. आज माझ्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना त्यात काही विशेष वाटत नाही. मला मात्र त्या दिवशी वाटलं, की मी आर्णीतून अर्धा निघालोच.

सगळ्यात मजा यायची ती कस्टमच्या दिवशी. चाचा बाजेवर ताठ बसून साहेब व्हायचे. आम्ही आपापल्या पिशव्या घेऊन समोर उभे राहायचो. ते "इफ्तह!" म्हणून ओरडायचे, म्हणजे उघड. मग एकेक वस्तू बाहेर काढून भिरकावून द्यायचे. रफीकच्या पिशवीतून सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पुड्या निघाल्या आणि मासिकातून फाडलेला एका नटीचा फोटो. चाचांनी फोटो उलटा करून मांडीखाली घातला आणि म्हणाले, "हे इथंच जमा." माझ्या पिशवीतून मायनं दिलेली देवाची छोटी फ्रेम निघाली. ती मात्र त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि बाजूच्या फळीवर ठेवली. "देव मनात घेऊन जाय. फ्रेम घरी राहू दे. तिथं फेकून देतीन, मंग तुले वाईट वाटीन न मलेही."

मग त्यांनी आतून चाचीचा मसाल्याचा डबा मागवला. त्यातली चिमूटभर खसखस तळहातावर घेतली आणि आमच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

"खसखस," रफीक म्हणाला.

"इथं खसखस. तिथं अफू. दोघायचं झाड एकच, अन् तिथले साहेब दाना पायत नाही, झाड पायतात. एक बिहारी पोरगा होता माह्या कॅम्पात, त्याच्या मायनं मसाल्यात बांधून देली होती. दोन साल आत होता." चाचा खोकले. "मसाल्यात नाही, मिठाईत नाही, खिशाच्या शिवनीत नाही. म्हना."

मी एका दमात म्हणून दाखवलं. रफीक शिवणीजवळ अडकला, कारण त्याला हसू येत होतं. चाचांनी त्याच्या टाळक्यात मारली आणि माझ्याकडे बोट दाखवलं, "याच्यावानी." मला ते फार आवडलं. मी पुढं चार-पाच दिवस रोज न विचारता त्यांना ते म्हणून दाखवायचो.

व्हिसा आला तेव्हा मायनं अनारशांचे तांदूळ भिजत घातले. परदेशी जाणाऱ्या मुलाबरोबर काही टिकणारं द्यायचं तर अनारसेच, हे तिच्या मनात पक्कं होतं. तीन दिवस रोज पाणी बदलून तिनं तांदूळ भिजवले, सावलीत वाळवले, खलबत्त्यात कुटले. त्या कुटण्याचा आवाज सकाळपासून घरभर असायचा. मी तिला सांगितलं, "माय, खसखस लावू नको. तिकडं चालत नाही."

"काहून? हमीदभाऊच्या घरी खिरीत टाकतात न."

"इथं चालते. तिथं पकडतात."

"खसखशीले पकडतात?" ती हसली. पण मुलाचं ऐकायचं म्हणून तिनं पहिला घाणा खसखशीशिवाय घातला. ते अनारसे तुपात हसले, म्हणजे सुटे होऊन पसरले. गूळ जास्त झाला असेल. मायचा चेहरा उतरला. पोरगा उद्या निघणार आणि आज अनारसे हसतात, हे तिला चांगलं लक्षण वाटेना. दुसरा घाणा तिनं खसखशीवर थापला. छान जाळीदार झाले. मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, "मी पुसून देतो न. नाव नाही राहू देत." थंड झाल्यावर तिनं लुगड्याच्या धुवट तुकड्यानं एकेक अनारसा पुसला. मी समोर बसलो होतो. अनारशाच्या जाळीत, भोकाभोकांत, दाणे तसेच अडकलेले मला दिसत होते. मी "राहू दे, नको" म्हणालो नाही. तिनं तीन दिवस केलेलं काम मला नाकारता आलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे. पण हे तेवढ्यावर थांबलं असतं तर ते माझ्या आणि माझ्या मायपुरतं राहिलं असतं.

मुंबईत एजंटाच्या खोलीत बॅगा वजन करण्यासाठी काट्याला लावल्या. माझी दोन किलो जास्त भरली. एजंटाचा माणूस म्हणाला, काहीतरी काढ. माझ्या बॅगेत वरच चिपिंगचा हातोडा होता. तो काढला असता तर भागलं असतं, हातोडे तिकडं कंपनी देणारच होती. मी हातोड्याला हात लावला नाही. मी अनारशांचा डबा काढला आणि तो हातात घेऊन उभा राहिलो. आर्णीपासून मुंबईपर्यंत, गाडीत, फलाटावर, मी त्या डब्याचाच विचार करत होतो. टाकून देता येत नव्हता आणि जवळ ठेवायची भीती वाटत होती. वजनाचं निमित्त झालं.

रफीक म्हणाला, "आन इकडे. माह्या बॅगेत लय जागा आहे, अब्बानं सगळं फेकून तर देलं." डबा घेता घेता तो थबकला. "खसखस नाही न बे?"

मी म्हणालो, "मायले सांगतलं होतं न मी."

हे खरं होतं. मायला मी सांगितलं होतंच. रफीकनं डबा कपड्यांच्या मधोमध ठेवला आणि वरून त्याची नमाजाची टोपी.

तिथं उतरलो तेव्हा सकाळ होती. एवढा मोठा, एवढा थंड हॉल मी आधी पाहिला नव्हता. आम्ही एकाच रांगेत होतो, रफीक पुढं, मी मागं. माझी बॅग साहेबानं वरवर चाचपली आणि पुढं ढकलली. रफीकच्या बॅगेतला डबा त्यानं उघडला. एक अनारसा उचलून वास घेतला, मग पांढऱ्या कागदावर तो मोडला. कागदावर बारीक दाणे सांडले. साहेब रागावला नाही, ओरडला नाही. त्यानं फक्त हात वर करून दुसऱ्या साहेबाला बोलावलं. रफीकनं त्या दाण्यांकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे. त्याला समजलं होतं. तो हिंदीत सांगू लागला, "साब, इसकी माँ ने, इसका है," आणि माझ्याकडे हात केला. त्या घाईत त्याचा डावाच हात पुढं आला होता.

साहेबानं मला विचारलं, "सदीक?"

सदीक म्हणजे मित्र. चाचांनी हा शब्द आम्हाला पहिल्याच दुपारी शिकवला होता. मी म्हणालो, "ला." म्हणजे नाही. एक सवाल, एक जवाब. साहेबानं मला हातानं पुढं जा म्हणून सांगितलं आणि मी गेलो. मागं वळून पाहिलं नाही. बाहेर कंपनीची बस उभी होती. ड्रायव्हरनं यादीतलं रफीकचं नाव दोनदा घेतलं आणि मग गाडी सुरू केली.

रफीक जवळजवळ दोन वर्षं तिथल्या तुरुंगात होता. तुरुंग माझ्या कॅम्पापासून बसनं तासाभराच्या अंतरावर होता. मी एकदाही गेलो नाही. आठवड्याभरानं चाचांना पत्र लिहिलं, की रफीकच्या सामानात काही सापडलं असं म्हणतात, मला नक्की माहीत नाही. हे पत्र मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा तेच लिहिलं. आर्णीत पत्र पोचलं तेव्हा 'काही'ची अफू झाली. हमीद वेल्डरच्या पोरानं अफू नेली, बापानंच धंदा शिकवला असेल, अकरा वर्षं तिकडं काय करत होता कोण जाणे, असं लोक बोलू लागले. चाचांकडे दारव्ह्यापासून, दिग्रसपासून पोरं तिकडच्या रीतीभाती विचारायला यायची, ती यायची थांबली.

पहिल्या सुट्टीत मी आलो तेव्हा रफीक अजून आतच होता. चाचांनी बोलावणं पाठवलं. मी गेलो. चाचीनं थाळी मांडली. चाचा फार वाळले होते, कानही मंद झाले होते, पण जेवण होईपर्यंत त्यांनी काही विचारलं नाही. पाहुण्याला जेवता जेवता दुःखाचं विचारू नये, हेही त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. हात धुतल्यावर म्हणाले, "तुनं पायलं का रे, त्याच्या सामानात काय होतं?"

"नाही चाचा," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणावं लागलं.

मग चाचा म्हणाले, "मी त्याचा हात बांधत बसलो. त्याचं डोस्कं बांधाले पायजे होतं. तुनं आयकलं, तू नीट पोचला." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो हात सहन केला. त्यानंतर मी त्या घरात गेलो नाही. रफीक सुटून आला तेव्हा मी तिकडंच होतो. चाचा वारले तेव्हाही तिकडंच होतो. कायमचा परत आलो तेव्हा आर्णीत घर न बांधता यवतमाळला बांधलं. लोक विचारायचे, गाव काहून सोडलं? मी म्हणायचो, पोरांच्या शाळेसाठी. माय मरेपर्यंत आर्णीतच होती. तिला यातलं काही कळलं नाही. तिला मी लिहिलं होतं, की अनारसे सगळ्यांना आवडले.

एक गोष्ट मला या सगळ्या वर्षांत आधार देत होती. रफीक गप्प होता. आर्णीहून येणारं कुणीही मला कधी म्हणालं नाही, की रफीक तुझं नाव घेतो. मी हा त्याचा मोठेपणा समजत होतो. त्यानं मला मनातून माफ केलं असावं, असंही कधी कधी वाटायचं.

यंदा उन्हाळ्यापूर्वी मोतीबिंदू काढायला मी यवतमाळच्या एका दवाखान्यात दाखल झालो. ऑपरेशन झालं, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून मला वॉर्डात आणून झोपवलं. शेजारच्या खाटेवर दुसरा एक म्हातारा तसाच एका डोळ्यावर पट्टी बांधून बसला होता आणि डाव्या हातानं चहा पीत होता. वेल्डरांचे डोळे लवकर जातात. त्यानं त्याचा एक डोळा माझ्यावर लावला आणि म्हणाला, "वसंता होय न बे?"

थोडा वेळ आम्ही ऑपरेशनचंच बोललो. कुणाला किती टाके, कुणाला टाका नाही. मग माझ्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "रफीक, तो डबा माहा होता हे मी आता सगळ्यायले सांगनार आहे. तू इतके वर्ष बोलला नाही..."

"कोन म्हनते बोललो नाही?" त्यानं कप खाली ठेवला. "आलो त्याच दिवशी अब्बाले सांगतलं. डबा वसंताचा, दाने वसंताच्या मायचे, अन् वसंता 'ला' म्हनून निघून गेला."

"मंग?"

"अब्बा म्हने, वसंतानं तो सबक मले तोंडपाठ म्हनून दाखवला होता. एकदा नाही, रोज. तो असं करनार नाही. म्हने, तू जेलात गेला अन् तिथं खोटं बोलनंही शिकून आला." रफीक खिडकीकडे पाहत होता. "अब्बानं मानलं नाही तं मंग बाकीच्यायले काय सांगू? तीन साल जगले त्याच्यानंतर. माह्या हातचं पानी नाही घेतलं. दवाई अम्मी पाजे."

नर्स आली, दोघांच्या डोळ्यांत थेंब टाकले आणि डोळे ओले होऊ देऊ नका म्हणून बजावून गेली. रफीक म्हणाला, "मले नका सांगू बाई. माहे वाळले. त्याले सांगा."

पट्ट्या सुटल्यावर पंधरा दिवसांनी मी आर्णीला गेलो. रफीकला म्हणालो, मला गावात चार लोकांसमोर सांगू दे. तो म्हणाला, "ज्यायनं नाव ठेवलं ते सगळे मेले. आता पोरायले कोन रफीक न कोनती खसखस. एकच जन होता ज्यानं आयकाचं होतं." त्यानं स्कूटर काढली आणि मला मागं बसवलं. कबरस्तानच्या फाटकाशी उतरल्यावर त्यानं मला सांगितलं, चप्पल इथं काढ, कबरीवर पाय पडू देऊ नको, पायथ्याशी उभा राह्य, आधी सलाम कर. मी तसं केलं. साधी मातीची कबर, कडेला विटांची ओळ आणि तण. रफीक दोन पावलं मागं उभा होता.

मी म्हणालो, "चाचा, डबा माहा होता. दाने मी पायले होते. रफीक खरं बोलत होता."

माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. मागून रफीक म्हणाला, "जोरानं बोल. शेवटी शेवटी अब्बाले बिलकुल आयकू ये नाही."

मी पुन्हा बोललो.